राजेसाहेबांची घंटी

१४ नोव्हेंबर

आज रजा टाकली. सकाळी हॉस्पिटलात गेलो, आत्ता परत आलो. जेवायचं राहिलंय.

ती. ताईस नमस्कार, आणि तू ज्याला 'नेहमीचा' म्हणतेस त्या खोकल्यालाही माझा नमस्कार सांग. मी ठीक आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून दाजींच्या हाती पत्र देतो. ते गोदामात माल उतरवून इकडेच येताहेत. ते पोचेपर्यंत लिहितो, अक्षराला हसू नकोस.

धाकट्याचं रक्त हॉस्पिटलाने अभ्यासासाठी जपून ठेवलंय, त्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं. मी फार लवकर पोचलो. वाट पाहताना माझे हात स्वस्थ राहत नाहीत, हे तुला माहीत आहे. नेमका डोक्यावर धुराचा सेन्सर, आणि त्याचा दिवा काही लुकलुकेना. सारं आयुष्य आगीचे अलार्म बसवण्यात गेलेल्या माणसाने काय करावं? खुर्चीवर चढलो आणि फुंकर मारून धूळ उडवली. सेन्सर उत्तम चालू आहे हे मग सगळ्या इमारतीलाच कळलं. डॉक्टर, नर्स, स्वतःची सलाइन स्वतःच उंच धरलेले एक आजोबा (त्यांना फार मजा येत होती), सगळे जिने उतरून पार्किंगमध्ये. वॉचमनने विचारलं, "आग कुठाय?" म्हटलं, "आग नाही, धूळ होती." तो म्हणाला, "धुळीवर एवढा बोंबलतो?" मी म्हटलं, असतात काही तसे. त्याच खोक्यातले, त्याच बनावटीचे, पण सेटिंग तिखट.

बाई मागेच उभ्या होत्या. वाटलं, आता आपली वरात पोलिसांकडे. तर त्या म्हणाल्या, "अहो, मला हेच तर तुम्हाला सांगायचं होतं." आणि तिथेच, दोन गाड्यांच्या मधे उभं राहून, सांगितलं. रक्तपेशी वाकड्या करणारा सिकलसेलचा दोष तुझा आणि धाकट्याचा एकच (मी नुसता वाहक, या घरात मला कशातच पूर्ण वाटा मिळाला नाही). पण अंगात सूज भडकवणारी आणि विझवणारी जनुकं निराळी, आणि ती सख्ख्या भावंडांतही वेगवेगळी येतात. वाकड्या पेशी जरा कुठे अडकल्या, की एकाच्या अंगात थोडी कुरबुर होते आणि दुसऱ्याच्या अंगात सगळी इमारत खाली उतरते. धाकट्याचं तसं असावं असा त्यांचा अंदाज आहे. खात्री नाही. त्यासाठी तुझं रक्त ताडून पाहायला हवं, आणि अशी आणखी पुष्कळ घरं हवीत.

मला त्याच्या पलंगाची घंटी आठवली. मी ती बसवली तेव्हा तू तिचं नाव 'राजेसाहेबांची घंटी' ठेवलंस. "मलाही तोच आजार आहे, मी वाजवते का?" असं तू म्हणालीस की तो हसायचा आणि मुद्दाम पुन्हा वाजवायचा. (एकदा तर मी हातातलं काम टाकून धावलो, तर विचारतो काय, "ताई चिडली का?") तो गेल्यापासून तू इकडे फिरकली नाहीस ती त्या वाक्यापायी, हे मला कळतं. म्हणून लिहितो. तो नाटक करत नसे. आणि तूही दुष्टपणाने बोलत नव्हतीस. तुला खरंच तेवढं दुखत नव्हतं. रक्त द्यायला ये. एक नळी पुरते.

तुझा,
मधला

ता.क. रक्ताची घाई नाही, पुढच्या महिन्यात चालेल. घाई खोकल्याची आहे. तुला ताप आहे आणि श्वास घेताना छातीत कळ येते, हे दाजींनी सकाळी फोनवर सांगितलं (तू नको म्हटलं होतंस, त्यांच्यावर चिडू नकोस). मी बाईंना सांगताच त्यांचं हसू थांबलं. आजवर सौम्य होतं म्हणून पुढेही सौम्य राहील असं नसतं, आजच आणा, म्हणाल्या. पत्र वाचून होईपर्यंत गाडी बंद करू नका असं मी दाजींना सांगणार आहे. उरलेलं गाडीत वाच.

ता.क. २. हॉस्पिटलातून सोडलं की इकडेच यायचं. तुझी गादी त्याच्या खोलीत घातली आहे. घंटीची बॅटरी बदलली आणि दाबून पाहिली. स्वयंपाकघरात वाजली. "आलो, आलो" म्हणायला तिकडे कोणी नव्हतं, म्हणून मीच जाऊन ती बंद केली.