खेचराचे पंख

तीर्थस्वरूप काका यांस,

रागावलेल्या पुतण्याचा साष्टांग नमस्कार (रागावलो तरी वाकतो, ते वळण तुमचंच). काकूंचा गुडघा कसा आहे? तुमची तब्येत विचारत नाही. दुसऱ्याचं वाटोळं करणाऱ्यांची ठणठणीतच असते.

बिल्ल्यांच्या कारखान्यात मी अजून नोकरीला आहे, पण नुसता म्हणायला. सैन्याच्या नव्या डोंगरी वाहतूक पथकाचं चिन्ह माझ्याकडे आलं, तेव्हाच मालकांनी बजावलं होतं की हे बिघडलं तर घरी बसा. कागदावर एकच ओळ होती: चिन्हात खेचर ठळक असावे. मी सरळ माणूस. खेचर काढलं, पाठीवर ओझं, कान ताठ. तेवढ्यात तुम्ही मुक्कामाला आलात आणि चष्मा कपाळावर सारून म्हणालात, "अरे, सैन्य गाढवाचं पोर बाहीवर मिरवेल का? खे म्हणजे आकाशात, चर म्हणजे फिरणारा. खेचर म्हणजे पक्षी." (चाळीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसापुढे तोंड उघडायची आपल्या घरात पद्धत नाही.) मी खेचर फाडलं आणि गरुड काढला, पंख पसरलेला, नखांत वीज धरलेला. दोनशे बिल्ले भरतकाम होऊन तयारही झाले.

सोमवारी पथकाचे मेजर आले. बिल्ला उलटासुलटा करून त्यांनी विचारलं, "आमची जनावरं कुठायत?" मी खे आणि चर समजावू लागलो. (तेव्हा तुम्ही तिथे हवे होतात, मला आधार द्यायला नाही, त्यांना धरायला.) त्यांच्याकडे विमान सोडा, साधा पतंग नाही. विजेचं म्हणाल तर तिला खेचरं बुजतात. मालकांनी कपाळाला हात लावला आणि मी मनातल्या मनात टेबल आवरायला घेतलं.

मेजरांबरोबर एक म्हातारे हवालदार होते, खेचरांमागून चालण्यात जन्म गेलेले. ते बिल्ल्यावर बोट फिरवत म्हणाले, "साहेब, बर्फात वाट तुटली तेव्हा आपली खेचरं वरच्या चौकीपर्यंत कशी पोचली, मला अजून कळलेलं नाही. पंख राहू द्या. कान तेवढे लावा." मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मेजर बिल्ला माझ्या हातात परत ठेवत म्हणाले, लावा.

आपला,
पुतण्या

ता. क. नोकरी वाचली असं समजू नका. लांब कानांचा गरुड वरच्या कचेरीत पास व्हायचा तर खाली वजनदार संस्कृत ब्रीदवाक्य हवं, तेही पुढच्या गुरुवारच्या आत. पाया पडतो, लिहून पाठवा. सोबत मराठी अर्थ द्या, एकच.

पुन्हा ता. क. पंखांची कल्पना कुणाची, अशी मेजरांच्या पथकातून चौकशी आली आहे. त्या माणसाचा सत्कार करायचा म्हणतात. मी माझं नाव कळवलं. परवा मी जाब विचारला, तेव्हा फोन आपटण्याआधी तुम्हीच म्हणाला होतात, "यात सर्वस्वी तुझाच हात आहे."