डस्टरने काढलेला फोटो

बुधवार संध्याकाळ, शहादा

अंगात त्राण नाही, तरी लिहितेय. रोज शाळेत खिचडी वाढली की ताटांसकट मुलांचा फोटो वर ऑफिसात पाठवावा लागतो. आज ऐन वेळी माझा मोबाईल बंद पडला आणि पहिलीतलं एकही पोर ताटाला हात लावेना.

"खा ना रे!" मी ओरडले.

"बाई, फोटू बाकी शे," सगळी एका सुरात.

वर्षभर हेच शिकवलं का मी यांना? शेवटी वैतागून डस्टर डोळ्यांसमोर धरलं, "क्लिक" म्हटलं. सगळी जेवायला लागली. पुढच्या ओळीतली रोशनी तेवढी तशीच बसलेली.

"बाई, मन्हा डोया मिटाई ग्यात. आखो एक काढा ना."

डोळे मिटले म्हणे! पुन्हा डस्टर उचललं. "हस," म्हटलं. ती छान हसली. मला मात्र अजून खडूच्या शिंका येताहेत.