११.१० ते ११.४० : बाकावर बसणे

आदरणीय ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार (जोडताना पेन तोंडात धरावं लागलं, त्यामुळे तोंडाने काही म्हणता आलं नाही, ते आता लिहितो आहे). आपली प्रकृती कशी आहे? कमरेचं दुखणं थंडीत उचल खातं, तेव्हा जमिनीवर बसणं टाळावं आणि जड काही उचलू नये, ही नम्र सूचना. घरी सर्व कुशल असेलच. मीही इकडे ठीक आहे, म्हणजे दिसायला ठीक आहे. आमचं माणूस आपल्याकडे सुखरूप पोचल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. झाल्या प्रकारात चूक कोणाची, हा प्रश्न मी उकरून काढत नाही, कारण उत्तर मला माहीत आहे.

आज सतरावा दिवस. (या पत्रात 'ही' म्हणजे तुमची धाकटी बहीण, माझी आत्ताची बायको, आणि 'ती' म्हणजे माझी पहिली, जी नऊ वर्षांपूर्वी गेली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सगळा घोळ या दोघींची गल्लत झाल्यामुळे झाला आहे, निदान पत्रात तरी तो नको.) परवा फोनवर तुम्ही म्हणालात की ही जेवते, झोपते, सकाळी चार किलोमीटर चालून येते, फक्त माझा विषय निघाला की उठून भांडी घासायला लागते, मग ती घासलेली का असेनात. तुमच्याकडची भांडी सध्या लखलखत असतील, त्याचं श्रेय मी घेत नाही. पण हिने माझी बाजू ऐकून घेतलेली नाही. तुम्ही थोरल्या, तुमचा शब्द ही मोडत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून तुमच्यापुढे मांडतो. पाच आठवड्यांनी आमच्या लग्नाला वर्ष होईल. तोवर ही परत आली नाही, तर लग्नाचा वाढदिवस मला एकट्याला काढावा लागेल. तसा त्याचा सराव मला आहे.

मी छत्तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मसुदे लिहिले, हे तुम्हाला माहीत आहे. 'लिहिले' हा शब्द जरा मोठा झाला. आमच्या विभागात कोऱ्या कागदावर कोणी काही लिहीत नसे. रुजू झालो त्याच दिवशी मोठ्या साहेबांनी बजावलं होतं की पत्र आलं की आधी तसंच जुनं प्रकरण शोधायचं, त्याची फाईल काढायची, तारीख बदलायची, नाव बदलायचं आणि सहीला ठेवायचं. स्वतःचं डोकं चालवलं की चूक झालीच म्हणून समजा. गढूळ पाण्याबद्दल दिलगिरीचं एक पत्र होतं, माझ्या जन्माच्याही आधीचं. ते मी निवृत्त होईपर्यंत पाठवत राहिलो. (एकदा एका गल्लीत मोठी नळवाहिनी फुटून घराघरांत गुडघाभर पाणी शिरलं होतं, तेव्हा तिथल्या लोकांना 'कमी दाबाने पाणी मिळाल्याबद्दल दिलगीर आहोत' असं गेलं. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही, त्यावरून त्यांचं समाधान झालं असावं, असा शेरा मी फाईलवर मारला.) ही सवय हाडीमासी खिळलेली आहे. निवृत्तीच्या दिवशी माझ्या निरोपाचं भाषणसुद्धा कोणाच्या तरी जुन्या फाईलमधलं होतं, आणि मला ते लगेच ओळखू आलं.

आता सहलीकडे वळतो. सहल ही हिची कल्पना. एकदा फिरून येताना म्हणाली, लग्नाचा पहिला वाढदिवस लांब कुठेतरी करू या, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, कोणी 'या वयात कसं काय बुवा' असं डोळ्यांनी विचारत नाही. मी तिथल्या तिथे होकार दिला आणि युरोपातलं ते मोठं शहर सुचवलं, ज्याचा नदी आणि पुलांचा फोटो दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीवर आहे आणि आ वासून आपण सगळ्यांनी बघितलेला आहे. हिला वाटलं, शहर माझ्या आवडीचं आहे. खरं कारण असं की त्या शहराची फाईल तयार होती.

ती फाईल मी दहा वर्षांपूर्वी केली होती, तिच्यासाठी. दहा दिवसांचा कार्यक्रम, तासातासाचा, चौदा पानं. तिचे गुडघे दुखत, म्हणून दर दोनशे पावलांवर बसायची सोय शोधून ठेवलेली. जिना आला की ती इमारत वगळलेली. पूल ओलांडायचा तर मध्यावर विश्रांती. '११.१० ते ११.४० : बाकावर बसणे' अशा तऱ्हेच्या नोंदी एकट्या पहिल्या दिवशी पाच. (मी शहराचे नकाशे भिंग लावून बघितले होते. तिथल्या नगरपालिकेला नसेल इतकी माहिती मला त्यांच्या बाकांची होती.) ज्या आठवड्यात व्हिसा हातात आला, त्याच आठवड्यात तिचा रिपोर्टही आला. ते दुखणं गुडघ्यांचं नव्हतंच. हाडांत पसरत गेलेलं होतं, आणि आम्ही बाक शोधत बसलो होतो. सहा महिन्यांत सगळं आटोपलं. फाईल मी कपाटात ठेवून दिली. वरती 'प्रलंबित' असं लिहिलेलं होतं, ते बदलायचं राहून गेलं.

तर ती फाईल मी काढली. तारखा बदलल्या, वार जुळवले, कोणतं संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं तेही नव्याने तपासलं, म्हणजे मी अगदीच निष्काळजी होतो असं कोणी म्हणू नये. चौदा पानं स्वच्छ उतरवून काढली आणि मोठ्या ऐटीत हिच्या हातात ठेवली. हिने ती उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली, आणि उठून आत गेली. मला वाटलं, भारावली.

आता तुमची बहीण कशी आहे ते मी तुम्हाला काय सांगणार. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. अजून जिना चढते ती एक पायरी गाळून. हिला 'बस' म्हटलं तर शिक्षा केल्यासारखं वाटतं. या बाईने दहा दिवसांत बेचाळीस बाक मोजले, त्यावर 'दुपारची गोळी, जेवणानंतर' ही नोंद वाचली, आणि स्वतः कसलीच गोळी घेत नसल्यामुळे सरळ निष्कर्ष काढला की हे सगळं माझ्यासाठी आहे. मला काहीतरी झालं आहे आणि मी ते लपवतो आहे. हिचे पहिले यजमान छातीचं दुखणं घरात कळू न देता एके दिवशी कचेरीतल्या खुर्चीतच गेले, ते तुम्ही जवळून पाहिलं आहे. मी फक्त ऐकलं होतं, आणि ऐकून विसरलो होतो.

त्या दिवसापासून स्वयंपाकातलं मीठ गेलं. मी तीन आठवडे अळणी जेवलो आणि तोंडातून ब्र काढला नाही (म्हटलं, हाताची चव प्रत्येकाची वेगळी असते). बाजारातून येताना ही माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायची. माझ्याबरोबर चालताना पावलं आखडती घ्यायची, हिला ते किती जड जात असेल ते मला आता कळतं. मी न्हाणीघरात असलो की दाराबाहेर काहीतरी काम काढून उभी राहायची. मला वाटलं, संसार मुरतो आहे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, की वर्षाच्या आत बायकोला एवढा जिव्हाळा लागला.

मग व्हिसाच्या कचेरीत जायचा दिवस आला. प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात नंबराची चिठ्ठी, काचेपलीकडे एक थकलेली तरुण बाई. तिने आमचे कागद चाळले, सोबतचं विनंतीपत्र वाचलं आणि चाकाची खुर्ची कोणाला लागणार आहे असं विचारलं. हिने ताबडतोब माझ्याकडे बोट दाखवलं. मी हिच्याकडे. काचेपलीकडची बाई दोघांकडे आलटून पालटून बघत राहिली. मग तिने विनंतीपत्र काचेला लावून दाखवलं आणि हिला विचारलं की हे नाव तुमचं लग्नाआधीचं आहे का, कारण अर्जावर वेगळं आहे. ते पत्र मी जुन्या फाईलमधून उतरवलं होतं. तारीख बदलली होती. नाव बदललं नव्हतं. छत्तीस वर्षांत ही चूक माझ्या हातून एकदाही झाली नव्हती.

हिने ते नाव शांतपणे वाचलं आणि सांगितलं, "ती मी नाही. त्या नऊ वर्षांपूर्वी वारल्या."

त्या बाईने जराशी मान हलवली, आणि म्हणाली की मग त्यांच्या सहीची गरज नाही. (मी इतकी वर्षं कचेरीत काढली, पण इतकं बिनतोड उत्तर मला कधी सुचलं नाही.) कागद परत मिळाले, नवीन तारीख मिळाली, आणि आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. मी सबबी जुळवत होतो. ही पायऱ्या उतरली, एकेक करून, सावकाश, अजून माझ्याच चालीने. खाली थांबून म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला काही झालंय. तीन आठवडे मी रोज तुमचा श्वास मोजत होते." आणि समोर उभ्या असलेल्या बसमध्ये चढली, हातातल्या पर्सनिशी. ती बस तुमच्या गावाला जाते, हे मला बस गेल्यावर पाटी वाचून कळलं.

ताई, इथवर मी याला गल्लत म्हणत आलो. ते खरं नाही. तारखा बदलायला एक तास पुरला असता. मी तीन आठवडे रोज संध्याकाळी ती फाईल घेऊन बसत होतो. त्या चौदा पानांत ती जिवंत होती. सकाळी निघत होती, ११.१० ला बसत होती, ११.४० ला उठत होती, आणि पुढच्या बाकापर्यंत तिला काहीही होणार नव्हतं. ही येऊन चहा ठेवून जायची, त्यावर साय धरायची, आणि मी मान वर करून बघायचो नाही. ते नाव चुकून राहिलं नाही. ते मला तिथे बरोबरच वाटत होतं. हिच्या-माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मी तिला घेऊन निघालो होतो. हे स्वतःशी कबूल करायला मला सतरा दिवस लागले, आणि त्यातले पहिले दहा मी जेवणात मीठ घालून मजेत असल्याचं सोंग करण्यात घालवले.

व्हिसाच्या कचेरीची पुढची तारीख चौदा, सकाळी साडेदहा. मी नवे कागद आणून बसलो. हिचं नाव लिहिलं, आणि तिथेच अडलो. हिला उंचावर जायला आवडतं की भीती वाटते? चित्रं बघते की कंटाळते? सकाळी लवकर निघायचं की निवांत? चहात साखर किती घेते हेसुद्धा मला सांगता येत नाही, कारण चहा हीच करते. तिच्याबद्दल विचारा, झोपेत सांगेन. हिच्याबद्दल वर्षभरात मी काही विचारलंच नाही. तरी लहानपणापासून आपण हिला ओळखता, हिची आवडनिवड चार ओळींत कळवण्याची कृपा करावी, म्हणजे नवा कार्यक्रम आखता येईल. उत्तराची वाट पाहतो.

आपला,
सध्या एकटाच जेवणारा मेहुणा

ता. क. : एक कबुली. या पत्राचा पहिला परिच्छेद माझा आत्ताचा नाही. एकेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती रुसून माहेरी गेली होती, तेव्हा मी सासऱ्यांना पाठवलेल्या पत्राची प्रत फाईलमध्ये निघाली, ती उतरवून काढली. तोंडातलं पेनसुद्धा तेव्हाचंच. 'आपली कन्या' खोडून 'आमचं माणूस' केलं, एवढीच मेहनत. आपली कंबर दुखते की नाही, मला काहीच कल्पना नाही. ती सासऱ्यांची होती. 'आज सतरावा दिवस' पासून पुढे मात्र सगळं नवीन आहे, आणि म्हणूनच इतकं वाकडंतिकडं झालं आहे.

ता. क. २ : जुनी फाईल मी टाकलेली नाही. दोनदा खाली कचऱ्याच्या पेटीपर्यंत नेली आणि दोनदा परत आणली. टाकली असं लिहिणार होतो, ते बरं दिसलं असतं.

ता. क. ३ : तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला मनाई केली आहे, हे तुम्हीच फोनवर सांगितलं होतंत. म्हणजे हे पत्र तुम्ही वाचत नाही, ऐकता आहात, आणि तुमच्या घरात वाचून दाखवणारं माणूस सध्या एकच आहे. तेव्हा ताईंची क्षमा मागून सांगतो, यापुढचं मोठ्याने वाचू नकोस.

ताईंना विचारायचं नाटक होतं, विचारायचं तुलाच होतं. सोबत चौदा कोरी पानं जोडली आहेत. पहिल्यावर तुझं नाव आहे, बाकी मी काही लिहिलेलं नाही. तुला जिथे जायचं असेल ते लिही, बाक नको असतील तर एकही घालू नकोस, मी मागून धापा टाकत येईन. यायचंच नसेल तर पहिल्या पानावर 'नामंजूर' असा शेरा मार आणि पाठव, मी तो मान्य करीन. पण जे असेल ते स्वतःच्या हाताने लिही. जुन्या फाईलच्या समासांत पानोपानी तिचं अक्षर आहे. आपले मात्र वर्षभरातले सगळे अर्ज मीच भरले, आणि तू फक्त सही केलीस, मी पेन्सिलीने फुली मारून दाखवली तिथे. तुझं अक्षर कसं आहे, हे मी अजून पाहिलेलं नाही.