ओरडणाऱ्याला ओलांडून

खिदिरपूर, रविवार संध्याकाळ

धाकटा भाऊ प्रशांत सुट्टीवर आमच्याकडे आलाय. कमांडो तुकडीत जखमींवर जागच्या जागी उपचार करणं हे त्याचं काम. आज सकाळी बाजारातून येताना आमच्यासमोरच ऑटो उलटली. एक माणूस पाय धरून ओरडत होता, शेजारी एक बाई गप्प पडली होती. त्या माणसाने प्रशांतची पँट घट्ट धरली. प्रशांतने ती सोडवून घेतली आणि बाईकडे गेला. तिच्या मांडीतून भळाभळा रक्त येत होतं. माझी ओढणी बांधून, त्यात छत्री अडकवून त्याने पीळ दिला. रक्त थांबलं. दोघांनाही अँब्युलन्सने नेलं.

मला मात्र दिवसभर पँट धरलेली ती बोटं आठवत राहिली. एकेक करून सोडवली त्याने, आणि त्या माणसाकडे पाहिलंही नाही. इतका कोरडा कधी झाला हा?

चहाच्या वेळी विचारलंच.

"ताई, ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. आधी गप्प पडलेल्याकडे जायचं. ट्रेनिंगमध्ये हेच घोटून घेतात."

"आणि ओरडणारा आपलाच कुणी असला तर?"

"होता एकदा. तुकडीतला माझा जोडीदार. नावाने हाका मारत होता. मी दुसऱ्याकडे गेलो."

"मग?"

"दोघंही जगले. जोडीदाराचा पाय गेला. तो माझा फोन उचलत नाही. मी करतो मात्र."

तिथेच बसून त्याने आजही लावला. रिंग पूर्ण वाजू दिली, मग चहा संपवला.