सुर्ल्याचा डोंगर लालच धाडा

सुर्ला, ता. डिचोली
१२ फेब्रुवारी १९९१

ती. दिनकर भावोजींच्या सेवेशी,

सुर्ल्याहून गोकुळदासाचा धुळीसकट साष्टांग नमस्कार. शालिनीताईचा गुडघा आता कसा आहे? तेल लावून शेकते की नुसती कुरकुरते? इथे आई बरी आहे. मीही बरा आहे, फक्त रागात आहे, आणि त्या रागाचं कारण तुम्ही आहात. तुमचा मान ठेवूनच लिहितो आहे, पण आज लिहिणार आहे.

तुमचा सावंतवाडीत स्वतःचा स्टुडिओ आणि लॅब, मी खाणीवरचा साधा टाइमकीपर. म्हणून आमच्या डोंगराचे फोटो मी भक्तिभावाने तुमच्याकडे धुवायला आणि अभिप्रायाला धाडले. तुम्ही प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने शेरे मारून परत पाठवलेत. 'क्षितिज कलंडलं आहे,' हा पहिला. मी पांडुरंग गवंड्याची लेव्हलपट्टी मागून आणली, कॅमेऱ्यावर रबराने बांधली, बुडबुडा मधोमध येईपर्यंत श्वास रोखून धरला (तेवढ्यात दोनदा ठसका लागला) आणि फोटो काढला. डोंगर कलंडलेलाच! मग डोक्यात प्रकाश पडला की त्याची डावी बाजू खाणीने कधीच नेली आहे. ती मी कॅमेऱ्यातून कशी भरून काढू?

दुसरा शेरा, 'पुढे काहीतरी हवं, चित्र रिकामं वाटतं.' म्हणून शेजारच्या सगुणच्या काजूची फांदी पुढे धरून उभा राहिलो, तर सगुण स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून फांदीच्या जागी हजर. "फिल्म फुकट कित्याक घालता रे? मनीस नासतना कसलो फोटो?" आमच्याकडे नुसत्या डोंगराचा फोटो काढणारा माणूस पैसे उतू चाललेला तरी असतो, नाहीतर डोकं फिरलेला. परिणामी छत्तीसपैकी अकरा फोटोंत सगुण आहे, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, ओळखपत्रासाठी उभा राहावा तसा. आता तो विचारतो की त्याला मोठा आणि डोंगराला लहान करून मिळेल का.

हे सगळं मी सोसलं. पण तिसरा शेरा! 'सगळीकडे लाल झाक आहे. लेन्स पुसा, नाहीतर फिल्म बदला.' मी लेन्स पुसली. आमच्या लग्नातल्या रंजनाच्या साडीच्या पदराने पुसली, आणि त्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. फिल्म बदलली. तरी लाल. तेव्हा शेरा न मारता तुम्ही परस्पर लॅबमध्ये रंग 'सुधारून' प्रिंट पाठवलीत. झाडं हिरवीगार, रस्ता राखाडी, आणि सगुण आठवडाभर तळीत बुडून वर आल्यासारखा.

भावोजी, तो फोटोचा दोष नव्हता. इथे लाल आहे म्हणून लाल दिसतं. सकाळी सहापासून खनिजाचे ट्रक सुटतात. काजूची पानं लाल, कौलं लाल, दोरीवरचे कपडे लाल, पोदेर पावाच्या टोपलीवर प्लॅस्टिक बांधून येतो तरी वरचा पाव लाल. रोज किती ट्रक गेले ते मीच वहीत मांडतो, त्यावरच माझं घर चालतं. तेव्हा ही धूळ कुठून येते ते मला सावंतवाडीहून कुणी शिकवायला नको. (हे माझ्या साहेबांना कळलं तर वही दुसऱ्याच्या हातात जाईल. जाऊ दे.)

पुढच्या रविवारी साखळी गावात फोटोंचं प्रदर्शन आहे. तिथे आमचा डोंगर कलंडलेला आणि लालच लागेल. सोबत निगेटिव्ह धाडतो आहे. मोठी प्रिंट काढा आणि कृपा करून काहीही सुधारू नका. बक्षीस नाही मिळालं तरी चालेल, पण बघणाऱ्याने एकदा तरी शर्ट झटकला पाहिजे.

तुमचा आज्ञाधारक (हे एवढं सोडून),
गोकुळदास

ता. क. सगुण उजव्या कडेला आहे. त्याला कापलात तरी हरकत नाही. मी लॅबवर ढकलेन.

आणखी एक. ती सुधारलेली हिरवी प्रिंट मी रागाने फाडणार होतो, ती आईने हातातून काढून घेतली. खिडकीशी नेऊन खूप वेळ बघत बसली. म्हणाली, "हांव व्हंकल जावन आयलें तेन्ना अशेंच आशिल्लें." लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा डोंगर असाच होता म्हणे. आता ती प्रिंट उशीखाली असते. तेव्हा त्याच निगेटिव्हवरून हिरवीही एक मोठी काढा, घरात लावायला. आईचा शेरा असा आहे: "जांवयांक सांग, मातशें फिकें जालां. आनीक पाचवें जाय." म्हणजे अजून हिरवं हवं.

किती हिरवं, ते मला विचारू नका. रंग ठरवताना शालिनीताईला शेजारी बसवा, तिने लहानपणी बघितलं आहे. मी धाकटा. मला कळायला लागलं तेव्हापासून तो लालच आहे.