बारशासाठी राखलेलं नाव

११ फेब्रुवारी
पाणी गळतंय. अंगात ताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वारेला जंतू लागलेत, सूज आलीय. बाळाला आत ठेवण्यात अर्थ नाही." अर्थ नाही! सत्ताविसावा आठवडा चाललाय बाई, बाहेर ठेवण्यात तरी काय अर्थ?

१२ फेब्रुवारी
झाली. मुलगी. रडली नाही. मला धड दाखवलीही नाही — उचलली, नळी घातली, नेली.

१४ फेब्रुवारी
काचपेटीत आहे. पावाच्या लादीएवढी. फुप्फुसं कच्ची, त्यात माझ्या पोटातली सूज तिच्या छातीतही उतरलेली. मशीन श्वास देतं तेवढीच छाती हलते. बघवत नाही आणि नजरही हलत नाही.

सासू — इर्मेली — वेलचीचा गोड पाव घेऊन आली. "अगं, पहिलं अक्षर तरी सांग!" बारशाआधी, म्हणजे बाप्तिस्म्याआधी, नाव फोडायचं नाही, हे तिनेच शिकवलेलं. ओस्सी म्हणाला, "आई, कुलूप लाव तोंडाला!" तोवर ती सगळ्यांचा 'वाटाणा'. नाव ओस्सीला ठाऊक आणि मला. इथेही लिहिणार नाही.

१७ फेब्रुवारी
नर्स राकेल हळूच म्हणाली, "वेळ आलीच, आणि पाद्री पोचले नाहीत, तर बाप्तिस्मा मीही देऊ शकते. नाव तेवढं सांगा."

तळपायाची आग मस्तकात गेली. नाव म्हणजे कॉफी, केक, पांढरा लांब झगा, घरभर पाहुणे! ते मी या टिट-टिट करणाऱ्या खोलीत उरकून टाकू? बारसं राहिलंय तोवर ती जाईलच कशी? वेडेपणा आहे. असू दे.

१९ फेब्रुवारी
सकाळी ऑक्सिजन घसरला. घसरतच राहिला. ओस्सी घरी, बर्फातून मोटार काढत होता. राकेलने पेल्यात पाणी घेतलं, पेटीचं दार उघडलं. "नाव?"

माझ्या तोंडून निघून गेलं — "केर्टू."

माझं स्वतःचं! तिचं नाही दिलं.

२० फेब्रुवारी
सावरली! ओस्सीला सगळं सांगितलं. म्हणाला, "केर्टू, देवाला फसवलंस?"

"फसवलं. त्याच्या यादीत केर्टूच हवी असेल तर मला ने म्हणावं."

आधी हसला. मग माझ्या कुशीत तोंड खुपसून रडला.

२२ फेब्रुवारी
मशीनचा ऑक्सिजन थोडा कमी केलाय, आता तिला तेवढा लागत नाही. ओस्सी केकचं बोलायला लागलाय. मी गप्प बस म्हटलं, पण मनात मीही स्ट्रॉबेरीचाच धरलाय.

२ मार्च
तिच्या कबरीसाठी गोठलेली जमीन यंत्राने उकरावी लागली. पाद्री "केर्टू, केर्टू" म्हणत होते आणि मी तिथेच उभी, धडधाकट. इर्मेली रडत म्हणाली, "तुझंच नाव ठेवायचं होतं होय? मला कळलंच नाही गं." हो म्हटलं.

घरी येऊन न्हाणीचं दार लावलं, आणि पहिल्यांदा मोठ्याने हाक मारली. हेल्का!