दादाने केलेली काचपेटी

तिसगाव,
४ मे २०२५

ती. सहादेवदादास,
अंगदचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. सविता आणि मुलं मजेत. आई खाटेवरच आहे, दोन घास जेवते. तू फोन उचलत नाहीस, आणि मोबाईलवर लिहिलं तर आधी वहिनी वाचतात, म्हणून कागद घेतला.

चुलत्यांच्या पूजाच्या लग्नाला तू कर्जतला येणार असं त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे तिसगावला तोंड दाखवणं आलंच. आलास की लोक तुला आपल्या घरातल्या काचपेटीबद्दल विचारतील. माशांची पेटी आहे, आईच्या खाटेसमोर. ती कशी केली ते लिहितो, नीट ध्यानात ठेव.

तुझ्या कबड्डीच्या ढाली ठेवायचं भिंतीतलं शोकेस, त्याच्या सरकत्या काचा काढल्या. ढाली आता धान्याच्या कोठीवर आहेत. काच कापायची कलम फोटोफ्रेमवाल्याकडून मागून आणली. रेघ एकदाच ओढायची. पुन्हा गिरवली की काच वाकडी तडकते. एक तडकलीच, त्यामुळे पेटी आखूड झाली. कुणी विचारलं तर मुद्दाम लहान केली म्हण. कडा पॉलिश पेपरने घासल्या. खाली एक काच, भोवती चार, सांध्यात सिलिकॉनची बारीक धार आणि वाळेपर्यंत बाहेरून चिकटपट्टी. मी हे मोबाईलवर बघून शिकलो. तू कुठे शिकलास ते तूच ठरव.

मासे गप्पी आहेत. आरोग्य केंद्रातल्या बाई डासांसाठी फुकट देतात. ते पुण्याहून आणले म्हणू नकोस, शेजारच्या लंकाबाईच्या हौदातही तेच आहेत.

आई दिवसभर भिंतीकडे बघत पडायची. एकदा म्हणाली, "आडात वाकून बघितलं की मासं दिसायची रं. आता आडबी आटला, आन् मलाबी वाकता येईना." एवढ्यावरून मी हे काम काढलं. टँकरचं पाणी माशांना घालायचं म्हणून सविता चिडली होती. तिचंही काही चुकलं नाही.

सिलिकॉन वाळायच्या आतच आईने लंकाबाईला बघायला बोलावलं. घाईने पाणी भरलं आणि उजवा कोपरा गळायला लागला. तिथे आता पांढरा ओबडधोबड गोळा दिसतो, त्याबद्दलही विचारतील. मी खाली बसून ब्लेडने तो सांधा खरवडत होतो, त्यात अंगठा कापला. तेवढ्यात लंकाबाई आली आणि म्हणाली, "कुनी केली गं झुंबरबाई?"

आई म्हणाली, "आमच्या सहादेवानं. आयतवारी आल्ता न्हवं, तू रानात हुतीस. दिसभर बसून केली आन् लगीच गेला. सुट्टी न्हाई त्याला."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय ना रं अंगद?"

अंगठ्यातून रक्त येत होतं. मी म्हणालो, "व्हय."

फार लागलं मला ते. लंकाबाई गेल्यावर मी विचारलं, आई, असं का गं? तर म्हणाली, "बाया इचारत्यात, पाडवा झाला, थोरला अजून न्यायला आला न्हाई व्हय? तू तर रोजच दिसतोस. त्योबी दिसाया नगं का लोकास्नी?"

पाळी तूच ठरवली होतीस, दादा. वडील गेल्यावर चार माणसांत तूच म्हणालास, आई एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत माझ्याकडे, मग अंगदकडे. यंदा पाडव्याला ती सकाळीच नवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून ओट्यावर बसली. तुझ्यासाठी पुरणपोळी झाकून ठेवली होती. दिवस मावळायला आला तरी उठेना. मी हात धरायला गेलो तर माझा हात झिडकारला, एकटीच उठली आणि ओट्यावरून खाली गेली. खुबा तेव्हा मोडला. मी तुला आई न्हाणीत पडली असं कळवलं. तसं तिनेच सांगायला लावलं होतं.

डॉक्टर म्हणतात, आता उठायची नाही.

तिला न्यायला ये असं मी म्हणत नाही. ती आता हलवण्यासारखी राहिलेली नाही. फक्त घरी ये, लोकांत बस आणि पेटी मीच केली म्हण. आई माझ्याकडे बघेल, मी व्हय म्हणेन. माझ्या अंगठ्याला अजून पट्टी आहे. आईने ती कशाची म्हणून एकदाही विचारलेलं नाही. लंकाबाईची नजर मात्र बारीक आहे, तेव्हा तुझे धड अंगठे तेवढे झाकून ठेव.

तू केलेल्या पेटीचं पाणी बदलणारा,
तुझा धाकटा भाऊ
अंगद